परवडणारी चैन

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्या घरांतून मुलांना पाढ्यांच्या बरोबरीनें शिकविली जाते. परंतु अंथरूण कितीहि लहान असलें तरी त्यावर एखादी नक्षीची चादर असावी, असें मनुष्यास वाटतें. आणि हें वाटणें म्हणींनीं दडपून टाकतां येत नाहीं. ज्यास नवें घर बांधणें साधत नाहीं तो जुन्या घरास रंग देतो. ज्यास शालजोडी साधत नाहीं तो अत्तराचा फाया कानांत घालतो. मोठी चैन आवाक्याबाहेर गेली म्हणजे मन लहान चैनीकडे वळतें. हल्लींच्या चतुर दुकानदारांनीं मनुष्यस्वभावाचें हें मर्म नेमकें ओळखलें असून त्यावर एक मोठा व्यापार उभारला आहे. या महिन्यांत त्या व्यापारासंबंधानें, आणि आपल्या एकत्र कुटुंबांशीं त्याचा जो संबंध येतो त्यासंबंधानें, दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शहरांतील सुपरमार्केटांत आमच्या बहुतेक वाचकांचें जाणें-येणें आहेच. तेथें एकाच जिन्नसाच्या तीन पायऱ्या मांडलेल्या दिसतात. तूरडाळ घ्या, तूप घ्या, लोणचें घ्या किंवा बिस्किटें घ्या. एके ठिकाणीं साध्या पिशवींतला साधा माल, शेजारीं ओळखीच्या नांवाचा मधला माल, आणि डोळ्यांत भरेल अशा जागीं काळ्या किंवा सोनेरी वेष्टनांतला उंची माल. या तिसऱ्या मालावर नुसतें ‘तूप’ एवढेंच लिहिलेलें नसतें. तें कोणत्या गाईचें, कोणत्या रीतीनें कढविलेलें, कोणत्या प्रांतांतलें, असा सगळा कुलवृत्तांत दिलेला असतो. पुष्कळदां हा माल खुद्द दुकानाच्याच नांवाचा असतो. दुकानास त्यासाठीं कारखाना काढावा लागत नाहीं. दुसऱ्याच्या कारखान्यांत माल करवून घ्यावयाचा आणि त्यावर आपलें नांव घालावयाचें. फळी स्वतःची असल्यामुळें जाहिरातीचा खर्च वांचतो व नफा अधिक उरतो. शिवाय वरच्या पायरीवरील किंमत पाहिली म्हणजे मधली पायरी गिऱ्हाइकास आपोआप स्वस्त वाटूं लागते, हा लाभ निराळाच.

ही युक्ति मूळची परदेशांतली. कॅनडांतील लॉब्लॉ या दुकानसंस्थेनें १९८४ सालीं ‘प्रेसिडेंट्स चॉइस’ नांवाचा स्वतःचा उंची माल बाजारांत आणला. इंग्लंडांत टेस्कोनें १९९८ सालीं ‘फायनेस्ट’ आणि सेन्सबरीनें २००० सालीं ‘टेस्ट द डिफरन्स’ हीं नांवें काढलीं. पुढें २००८ सालीं मंदीचे दिवस आले, तेव्हां मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानानें दहा पौंडांत दोघांचें जेवण, मद्याच्या बाटलीसकट, घरीं नेण्याची सोय केली. ज्यांना उपाहारगृहांत जाणें जड जाऊं लागलें होतें, अशांच्या दृष्टीनें ही उधळपट्टी नव्हतीच. ती काटकसर होती. या साऱ्या व्यापाराची किल्ली येथेंच आहे. महाग पाकीट स्वस्त पाकिटाशीं तोलून पाहिलें तर महाग. परंतु ज्या मोठ्या चैनीची जागा तें घेतें तिच्याशीं तोलून पाहिलें तर स्वस्त. तागडीच्या दुसऱ्या पारड्यांत काय ठेवावयाचें हें दुकानदार ठरवूं पाहतो. गृहिणीचें शहाणपण तें पारडें आपल्या हातीं ठेवण्यांत आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या लोकांना तर उंची मालाची गोष्ट मुळींच नवी नाहीं. तेरणेच्या कांठचें तेर हें गांव आज आपण संत गोरोबाकाकांच्या नांवानें ओळखतों. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकांत तें ‘तगर’ या नांवानें पश्चिमेकडील व्यापाऱ्यांस ठाऊक होतें. तगर तें हेंच, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें. ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रीक भाषेंतील नाविक-वृत्तांतांत असें नमूद आहे कीं, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें मोठें नगर असून तेथून साधें कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड वाटा नसलेल्या मुलखांतून, भडोचच्या बंदरास येते. त्याच वृत्तांतांत भडोचास उतरणाऱ्या मालाची यादी आहे, आणि तींत राजासाठीं म्हणून वेगळा माल सांगितला आहे : मूल्यवान रुपेरी भांडीं, गाणारीं मुलें, उंची मद्य, तलम वस्त्रें आणि उत्तम सुगंधी लेप. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयांत त्या काळच्या वैभवाच्या खुणा आजहि पाहावयास मिळतात.

त्या काळीं साधा माल आणि राजाचा माल यांच्यामध्यें सामान्य मनुष्यास चढतां येईल अशी पायरीच नव्हती. तगरचा विणकर मलमल विणीत असे. ती त्याच्या बायकोच्या अंगावर कधीं आली असेल असें वाटत नाहीं. आज दुकानाच्या तिसऱ्या फळीवर जें विकलें जातें तो वस्तुतः हाच राजाचा माल, परंतु शंभर ग्रॅमच्या पाकिटांत. यांतील आनंद खोटा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. शेंकडों वर्षें ज्या वस्तूचा वासहि गरिबाच्या घरीं येत नसे, ती त्याच्या मुलाच्या वाढदिवशीं घरांत येते, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु परवडणारी चैन कशी असावी याचा उत्तम नमुना पाहावयाचा असेल, तर सुपरमार्केटांत न जातां भूम तालुक्यांतील कुंथलगिरीकडे जावें. हें दिगंबर जैनांचें सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचें हें निर्वाणस्थान. आचार्य शांतिसागर महाराजांनीं १९५५ सालीं येथेंच सल्लेखना घेऊन अन्नाचा त्याग केला आणि देह ठेवला. जेथें रसनेचा जय शिकविला जातो त्याच डोंगराचें नांव खव्याला आणि पेढ्याला मिळालें आहे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

या योगायोगामागें कारण मात्र रोकडें आहे. बालाघाटाच्या डोंगरांतला हा मुलूख. पाऊस बेताचा आणि पीक बेभरंवशाचें. म्हणून गोठ्यांत दोन-चार म्हशी असणें हाच संसाराचा आधार. परंतु दूध कांहीं तासांत नासतें, आणि दूध घेणारीं मोठीं शहरें लांब. तेव्हां दुधांतलें पाणी आटवून तें टिकाऊ करणें हाच शहाणपणाचा मार्ग होता. मोठ्या कढईंत, भट्टीच्या धगीवर, दूध सारखें ढवळीत राहावें लागतें. हात थांबला कीं तें खालीं लागलेंच म्हणून समजावें. कडेला धरलेली साय खुरप्यानें खरवडून मध्यें ओढीत गेलें म्हणजे दूध दाटत जातें आणि शेवटीं कढईच्या बाजू सोडून त्याचा गोळा होतो. तोच खवा. तो साखरेबरोबर चांगला परतला म्हणजे तांबूस रंगाचा, खरपूस चवीचा पेढा तयार होतो. यांत केशर नाहीं, वर्ख नाहीं, बदामाचा कापहि नाहीं. येथील चैन म्हणजे आटलेलें दूध आणि भट्टीपुढें तापलेला मनुष्याचा हात. यात्रेला आलेला मजूर पाव किलो घेतो आणि मोटारींतून आलेला व्यापारी पांच किलो घेतो. पेढा मात्र दोघांचा एकच. सुपरमार्केटाच्या तीन पायऱ्यांहून हा प्रकार वेगळा आहे, तो याच गोष्टींत.

आतां थोडा हिशेब मांडूं. एक किलो खव्यास म्हशीचें चांगलें दूध सुमारें पांच लिटर लागतें. गाईचें असल्यास त्याहून अधिक. दुधाचा भाव लिटरला साठ रुपये धरला, तर नुसत्या दुधाचेच तीनशें रुपये झाले. जळण, मजुरी आणि वाहतूक वेगळी. यावरून गृहिणींनीं दोन गोष्टी ताडाव्या. दुधाचा असा भाव असतां दिवाळीच्या तोंडावर कोणी दोनशें रुपये किलोनें खवा देऊं लागला, तर हा मनुष्य दूध कोठून आणतो अशी शंका घ्यावी, आणि घरींच तिचें निरसन करावें. खव्याचा लहानसा तुकडा पाण्यांत उकळावा, पाणी पूर्ण थंड होऊं द्यावें, आणि त्यांत टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावे. रंग निळा झाला तर त्यांत पिष्ट पदार्थ मिसळला आहे हें निश्चित. उलटपक्षीं, मखमली पेटींतला पेढा हजार-बाराशें रुपये किलोनें मिळत असेल, तर वरचे रुपये कशाचे, हाहि प्रश्न विचारावा. पेढ्यांत साखर असते, म्हणजे किलोभर पेढ्यांत किलोभर खवा कधींच नसतो. ते रुपये पेटीचे, फितीचे, दिव्यांच्या रोषणाईचे आणि दुकानाच्या भाड्याचे असतात. ते देऊंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. लग्नकार्यांत पेटीलाहि अर्थ असतो. मात्र आपण दूध विकत घेतों आहों कीं पेटी, हें घेणाऱ्यास ठाऊक असावें.

कुंथलगिरीच्या खव्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. १९९९ च्या कायद्याप्रमाणें मिळणाऱ्या या मानाचा अर्थ असा कीं, त्या मुलखाबाहेर केलेल्या मालास तें नांव लावून विकतां येऊं नये. नांवास असें संरक्षण मिळालें ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नांवाची किंमत वाढली म्हणजे ती कोणाच्या पदरांत पडते, हें पाहणें अवश्य आहे. दूध घालणारा शेतकरी, भट्टीवाला, ठोक व्यापारी आणि शहरांतला दुकानदार अशी ही सांखळी आहे. सोनेरी वेष्टन शेवटच्या कडीवर चढतें आणि धग पहिल्या दोन कड्यांना सोसावी लागते. २०२५ च्या सप्टेंबरांत भूम-परंडा भागांत महापूर आला आणि कित्येकांचीं दुभतीं जनावरें गेलीं. ज्याच्या दावणीची म्हैस गेली त्याची चैन गेली नाहीं, चूल विझली. आपण उंची मालास जे चार रुपये अधिक देतों, त्यांतला निदान एक त्या गोठ्यापर्यंत पोंचतो कीं नाहीं, हा विचार आमच्या वाचकांनीं करावा. भट्टीवाल्याकडून किंवा उत्पादकांच्या संस्थेकडून थेट माल घेतां येत असेल तेथें तो अवश्य तसा घ्यावा.

चैन वस्तूंतच असते असें नाहीं, हें ज्वारीकडे पाहिलें म्हणजे कळतें. आपल्या जिल्ह्याचें मुख्य अन्न रब्बीची ज्वारी. एका काळीं रोज भाकरी आणि सणावारीं किंवा पाहुणा आला तर गव्हाची पोळी, अशी पुष्कळ घरांची रीत होती. १९७२ च्या दुष्काळांत तर परदेशांतून आलेला तांबडा मिलो खाऊन मराठवाड्यानें दिवस काढले; ज्यांनीं तो खाल्ला ते आजहि त्याची चव विसरलेले नाहींत. पुढें गहूं सुलभ झाला आणि भाकरी मागें पडली. पाहुण्यापुढें ती ठेवण्यास लोक संकोचूं लागले. नंतर भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, आणि तीच ज्वारी लाह्या, चकत्या आणि बिस्किटें यांच्या रूपानें तिसऱ्या फळीवर जाऊन बसली. धान्य तेंच, बदललें तें त्याचें दुर्मिळपण. शेतकऱ्यास यामुळें भाव मिळत असेल तर आम्हांस आनंदच आहे. पण ज्या घरीं मालदांडी ज्वारीचें पोतें माजघरांत आहे, त्या घरच्या मुलानें ज्वारीच्या चकत्यांच्या पाकिटासाठीं हट्ट धरावा आणि चुलीवरून उतरलेली भाकरी ताटांत टाकून उठावें, हें पाहून हसावें कीं रडावें हें समजत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. एकत्र कुटुंबास या नव्या चैनीपासून जो धोका आहे तो पैशाचा नव्हे. तो पाकिटाच्या आकाराचा आहे. पूर्वीं वाण्याची यादी एक असे आणि डबा एक असे. बारा माणसांच्या घरांत पेढे आले म्हणजे देवापुढें ठेवून सर्वांच्या हातांवर पडत. आजचीं उंची पाकिटें एका मनुष्यास किंवा फार तर दोघांस पुरतील अशीं केलेलीं असतात. तीं पिशवींतून थेट खोलींतल्या कपाटांत जातात. एका भावाचा पगार मोठा, दुसऱ्याचा लहान. चूल एक असूनहि डबे दोन होतात, आणि हा भेद मोठ्यांच्या आधीं लहान मुलांच्या ध्यानांत येतो.

आमच्या माहितीच्या एका घरीं असाच प्रसंग घडला. धाकट्या सुनेचा सहा वर्षांचा मुलगा आजीपाशीं येऊन म्हणाला, “आजी, काकूंच्या कपाटांतलीं बिस्किटें फक्त दादाचींच आहेत का?” घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. थोरल्या सूनबाई ओशाळल्या आणि डबा आणावयास उठल्या. सासूबाईंनीं त्यांना थांबविलें. त्या म्हणाल्या, “मुली, तूं आणलीस यांत पाप नाहीं. पण या घरांत परवडणें म्हणजे काय, तें एकदां ठरवूं या. पाकिटाची किंमत पाहूं नका. तिला घरांतल्या माणसांनीं गुणा. तेवढें झेपत असेल तर तें आपल्याला परवडतें. झेपत नसेल तर महिन्यांतून एकदां आणा, पण सर्वांना पुरेल असें आणा.” एकत्र कुटुंबाच्या अर्थशास्त्रांत परवडण्याची याहून नेमकी व्याख्या आमच्या वाचनांत आलेली नाहीं.

तथापि या व्याख्येची दुसरी बाजूहि सांगितलीच पाहिजे. सर्वांना पुरेल असें म्हणतांना त्या ‘सर्वां’त घरच्या बायका आपण नेहमीं धरीत आलों आहों काय? पहिली पंगत पुरुषांची, मग मुलांची, आणि वाढणाऱ्या बायका शेवटीं. तोंपर्यंत श्रीखंडाच्या पातेल्यांत किती उरलें असे, हें आपल्या आजींना विचारावें. ज्या सुनेनें स्वतःच्या कमाईंतून आणलेलें एखादें चॉकोलेट कपाटांत ठेवलें, तिला आपमतलबी म्हणण्यापूर्वीं हें आठवावें. कदाचित् दुसऱ्यासाठीं राखून न ठेवतां खाल्लेला तिच्या आयुष्यांतला तो पहिलाच गोड घांस असेल. कपाटें उघडावयास लावणें सोपें आहे. परंतु पंगतींत बायकांचें पान आधीं वाढलें जाईल तरच कपाटाची गरज उरणार नाहीं. जेथें वांटणी न्यायाची असते तेथें चोरटी चैन वाढत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

शेवटीं खरेदीसंबंधानें कांहीं व्यावहारिक सूचना. पाकिटाच्या पुढच्या बाजूवर दुकानदार बोलतो आणि मागच्या बाजूवर कायदा बोलतो; म्हणून पाकीट आधीं उलटून पाहावें. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावे लागतात. ‘बदामाचीं’ म्हणून घेतलेल्या बिस्किटांत बदाम मैदा, साखर आणि तेल यांच्या मागून किती दूर बसला आहे तें त्यावरून कळतें. एका ग्रॅमचा किंवा किलोचा दरहि आतां पाकिटावर छापलेला असतो. लहान पाकिटाचें खरें मोल त्यावरून उमगतें. अन्नाच्या जाहिरातींसंबंधीं २०१८ सालीं जे नियम झाले त्यांप्रमाणें, ‘घरीं केलेलें’ अशा दिशाभूल करणाऱ्या शब्दांस मनाई आहे; आणि ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ असें विशेषण मालाच्या नांवांतच असून त्यामुळें गैरसमज होण्याजोगा असेल, तर हें केवळ नांव आहे, मालाचें खरें स्वरूप नव्हे, असा खुलासा छापावा लागतो. तो बारीक अक्षरांत असतो; आजोबांचा चष्मा लावून वाचावा. शेजारच्या चार घरांनीं मिळून माल आणणें हाहि चांगला उपाय आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेंच करीत आली आहे : कुटुंबांचे गट करावयाचे, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावयाची आणि निवडलेला माल वाजवी भावानें आपसांत वांटून घ्यावयाचा. चांगला माल आणि महाग माल हे दोन वेगळे आहेत, हें तिच्या कामावरून सिद्ध झालें आहे.

असो. चैनीवर बहिष्कार घाला असें सांगणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. तुळजापूरच्या भवानीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखविणारीं आपलीं घरें आहेत, आणि गोडधोडावांचून सण कोरडा वाटतो हें आम्हीहि जाणतों. येत्या सणाला आमच्या भगिनींनीं एवढेंच करावें : उंची म्हणून जी एक वस्तु घरांत आणावयाची ती आधीं उलटून वाचावी, तिची किंमत घरांतल्या माणसांनीं गुणावी, आणि ती आल्यावर पहिला वांटा वाढणारीच्या हातावर ठेवावा.